बांधापलीकडचा भोंगा

वनखात्याचा कागद आहे माझ्या खिशात,
दुधाच्या पिशवीत घडी घालून:
गट नंबर दोनशे चौदा, तालुका निलंगा,
रानडुक्कर, फक्त स्वतःच्या हद्दीत,
मुदत पंधरा जानेवारी.
बंदूक ठासणीची. लायसन आधी बापाचं, आता माझं.

मन्मथप्पाला दाखवला.
चष्मा न लावताच वाचला त्यानं,
म्हणाला, "मार की तुज्या हद्दीत.
आवाज तेवढा माज्या रानात येऊ देऊ नको."

असा माणूस.
गेल्या साली त्याची म्हैस आटली
तर ठाण्यात अर्ज: बंदुकीच्या बारानं आटली.
तेव्हा निवडणूक होती.
बंदूक ठाण्यातच जमा,
ज्या कपाटाला टेकून त्यानं अर्ज लिहिला
त्याच कपाटात.

आमच्या मध्ये करडईचे सहा तास,
त्यानं पेरलेले, काटे माझ्या बाजूला जास्त.
आणि त्याच्या लिंबावर
भोंगा.

दिवस मावळला की सुरू.
दर चार मिनिटांनी:
"हाऽऽड्! निघ म्हन्तो ना!
निघ माज्या रानातनं!"
आणि शेवटी एक खोकला.

तो आवाज माझ्या बापाचा आहे.

दोन्ही घरांत बोलणं होतं तेव्हाची गोष्ट.
"दाजी, तुज्यासारखं नरडं धा गावांत न्हाई,"
म्हणत मोबाइल घेऊन आला होता मन्मथप्पा.
बापानं आधी चहा पिला,
मग चप्पल काढून उभा राहिला,
जसं काही झेंडावंदन आहे,
आणि ओरडला. गोठ्यातली वासरं दावं तोडायला लागली.
आता तीन वर्षं झाली त्याला जाऊन.
घरात फोटो आहे, हार आहे.
आवाज कुणाला ठेवायचा सुचला नाही.

मी बाभळीवरच्या माळ्यावर,
पायाला पोतं गुंडाळून, बंदूक मांडीवर,
आणि बाप रात्रभर मला सांगतोय
निघ माझ्या रानातनं.
डुक्कर कुठून येणार?

गेलो. म्हणालो, आठ रात्री बंद ठेवा अप्पा.
तो विभूती लावत होता. आरशातूनच बोलला,
"मशीन माजी. आवाज तुज्या बापाचा.
कुनाला बंद करू, सांग."

मग एकादशीच्या रात्री
दीडच्या सुमाराला
"निघ म्हन्तो—" एवढ्यावर बाप थांबला.
आवाज लांबला, जाड झाला,
विहिरीत बादली गेल्यासारखा गेला.

पाऊण तासानं आला तो.
एकटाच, सुळ्याचा, हरभऱ्यात थेट.
माझ्या हद्दीत, कागदात लिहिल्याप्रमाणे.
पंचवीस पावलं. चांदणं पाठीवर.
मुळांचा कडकड आवाज येत होता.
बोट चापावर होतं.
ओढला नाही.
का, ते विचारू नका. दया नव्हती.
मी खोकल्याची वाट बघत होतो.

पोटभर खाऊन तो करडईतनं
काटे न मोजता पलीकडे गेला,
तिथलंही उकरलं.

सकाळी मन्मथप्पा बांधावर, तोंड न धुतलेला.
"वाजली न्हाई तुजी रात्री."
"तुमचीबी न्हाई वाजली."
मग नेहमीचं. बांध कुणी कोरला,
बोरीची फांदी कुणी तोडली,
माझ्या आज्यानं त्याच्या आज्याला काय म्हटलं होतं.
मध्येच, दुसरीकडे बघत,
"डीपी जळालाय माजा. बॅटरी उतरली."

मागितली नाही मदत. मागणारा माणूस नाही तो.
मीच लिंबाखालून उचलली,
एका खांद्यावर बंदूक, एकावर बॅटरी,
तिचं पाणी गळून शर्टाला भोकं पडली.
मागून ओरडला,
"लाइटबिलाचं नाव काढायचं न्हाई, सांगून ठेवतो!"

घरी चार्जिंगला लावली आहे.
लाल दिवा आहे अजून, हिरवा व्हायचाय.
कागदाची मुदत
नऊ रात्री बाकी.